ढोलीच्या तोंडाशी रेंज

एका जंगलात सगळं होतं, बाळांनो. झाडं होती, पाणी होतं, वाघ होता आणि वाघाला भिणारेही होते. भांडणं तर मुबलक होती. फक्त कोल्हेकुई नव्हती.

म्हणजे कोल्हे ओरडायचे, पण ते त्यांचे तेच. मग एका हुशार कोल्ह्याला वाटलं, एवढ्या चांगल्या गोष्टीपासून बाकीच्यांनी का वंचित राहावं? त्यानं फोनवर चालणारी कोल्हेकुई काढली. कोणीही यावं, आपला आवाज काढावा, दुसऱ्यांचा ऐकावा. फुकट.

तू तो फोन आधी खाली ठेव. गोष्ट ऐकायची तर ऐक, नाहीतर पलीकडे जाऊन बस.

तर सगळं जंगल कोल्हेकुईवर आलं. एकाच फांदीवर बसलेली माकडं एकमेकांना तिथं सुप्रभात म्हणू लागली. रानकोंबडा आरवायचं सोडून लिहायला लागला. मोरानं पिसारा फुलवला की तो लांडोरीला दिसायच्या आधी सगळ्या जंगलाला दिसे. लांडोर मग फोनवर त्याला एक बदाम पाठवी, म्हणजे लग्न झालं.

चालीरीतीही बदलल्या. न कळवता कोणाच्या दारात जाणं गावंढळपणाचं ठरलं. जाणाऱ्यानं आधी कोल्हेकुईवर 'आलोय' असं बटण दाबायचं. आतून 'या' असं उत्तर आलं की मगच पुढं व्हायचं. न विचारता फोन लावून बोलणं तर त्याहून वाईट. दिसेल त्या झाडावर टकटक करणारा बिचारा सुतारपक्षी समाजातून पार उठला.

त्यात भृंगराजानं भर घातली. हा लांब शेपटीचा काळा पक्षी, कोणाचाही आवाज हुबेहूब काढतो. एके दिवशी त्यानं खारीच्या नवऱ्याचा आवाज काढला आणि तिनं साठवलेला सगळा दाणागोटा घेऊन गेला. खार चार दिवस रडली. कोल्ह्यालाही फार वाईट वाटलं. त्यानं लगेच जाहीर केलं की यापुढं नुसत्या आवाजावर कोणी विश्वास ठेवू नये, कोल्हेकुईवर येईल तेच खरं मानावं. जंगलाला ते पटलं. जंगलाला काहीही पटतं.

आता आपले दौलतराव आणि सगुणाबाई.

हे दोघं धनेश. मोठ्या चोचीचे पक्षी तुम्ही चित्रात पाहिले असतील. यांच्यात एक जुनी रीत आहे. अंडी घालायच्या वेळी बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी एकच फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच. नवरा रानभर हिंडून गळा भरून उंबरं आणतो आणि एकेक उंबर वर काढून फटीतून तिच्या चोचीत देतो. त्यानं आणलं तर ती जेवणार, ती जेवली तर पिल्लं जेवणार. मध्ये दुसरं कोणी नाही. असा विश्वास टाकायला छाती लागते, बाळांनो.

दौलतराव नवरा म्हणून चांगले होते. ते रोज बेहड्याच्या झाडावर यायचे, फटीसमोर बसून 'आलोय' दाबायचे, आतून 'या' यायचं, पाठोपाठ सगुणाबाईंची चोच यायची. मग दौलतराव फोटो काढायचे आणि मग घास द्यायचे. 'आदर्श पती' म्हणून त्यांचं कोल्हेकुईवर बरंच नाव झालं होतं.

एके दिवशी सकाळी कोल्ह्याच्या कचेरीत एका उंदरानं वायर कुरतडली.

हे मी तुम्हाला सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं. जंगलात कोणाला कळलं नाही. कोल्ह्याच्या कचेरीतून एवढंच सांगण्यात आलं की आमच्याकडे सगळं ठीक आहे, दोष तुमच्या बाजूला असावा.

दौलतराव नेहमीसारखे आले. गळा उंबरांनी गच्च भरलेला. त्यांनी 'आलोय' दाबलं. फोनवर एक गोल चक्र फिरायला लागलं. ते फिरतच राहिलं. आत सगुणाबाईंच्या फोनवरही तसंच चक्र फिरत होतं. तिन्ही पिल्लं चोची वासून बसली होती. ती आईकडे बघत होती आणि आई चक्राकडे.

दोघांच्या मध्ये वीतभर चिखल होता.

दौलतरावांनी फटीत चोच का घातली नाही, असं तुम्ही विचाराल. अरे, शिकलेसवरलेले होते ते.

शेजारच्या फांदीवर वानर होतं. सल्ला द्यायला वानराला कारण लागत नाही. ते म्हणालं, उंच जा, वर रेंज असते. दौलतराव शेंड्यावर गेले. तिथं वारा होता. वाऱ्यानं ते हेलकावले आणि गळ्यातली दोन उंबरं निसटून खाली पडली.

झाडाखाली एक रानडुक्कर बसलं होतं. त्याच्याकडे फोन नव्हता. त्यानं उंबरं खाल्ली आणि वर बघितलं.

मग दौलतराव सावरीच्या झाडावरच्या पोपटाकडे गेले. कोल्हेकुईचं मदत केंद्र पोपट चालवायचा. पोपट म्हणाला, "आपला प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे. फोन बंद करा, चालू करा." दौलतरावांनी केला. काही झालं नाही, असं त्यांनी मान हलवून सांगितलं. पोपट म्हणाला, "आपला प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे. फोन बंद करा, चालू करा." असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यानं सांगितलं की यानंही जमत नसेल तर रीतसर तक्रार नोंदवा. ती कुठं नोंदवायची? कोल्हेकुईवर.

परत येताना साळिंदर भेटलं. ते जरा जाणकार समजलं जायचं, कारण त्याच्या अंगाला हात लावून कोणी खात्री करून घेत नसे. त्यानं कोल्हेकुई फोनवरून समूळ काढून पुन्हा घालायला सांगितलं. दौलतरावांनी ती काढली. पुन्हा घातली. तेव्हा फोननं त्यांना विचारलं, तुम्ही कोण?

तुम्ही दौलतराव आहात हे पटवायला एक गुप्त आकडा हवा होता. तो पाठवला आहे, असं फोन म्हणाला. आणि पाठवला होता सगुणाबाईंच्या नंबरावर, कारण लग्नानंतर दौलतरावांचं खातं त्यांनीच उघडून दिलं होतं.

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दुपार टळली होती. दौलतराव फटीसमोर बसले. गळा भरलेला असताना बोलता येत नाही, म्हणून त्यांनी उंबरं एकेक करून वर काढली आणि फांदीवर ठेवली. फांदी उतरती होती. उंबरं घरंगळत गेली. खाली डुकरानं जागा जरा सरकवून घेतली.

"अगं, आकडा आलाय का तुझ्याकडे?" दौलतरावांनी विचारलं.

आतून सगुणाबाईंचा आवाज आला, पडलेला. "कोण बोलतंय?"

"मीच की. दुसरं कोण असणार?"

"आवाज तर यांचाच आहे," सगुणाबाई म्हणाल्या. "पण खारीलाही असाच आला होता."

त्यांनी आकड्याखालची सूचनाही वाचली होती. हा आकडा कोणालाही सांगू नका. अगदी घरच्यांनाही नाही.

दौलतरावांनी लग्नाची आठवण काढली. पहिल्या वर्षी ढोलीत पाणी शिरलं तेव्हा पंख पसरून आपण तोंड कसं अडवलं होतं, ते सांगितलं. सगुणाबाई म्हणाल्या, ते सगळं कोल्हेकुईवर आहे, जंगलानं वाचलंय. ते खरंच होतं. दौलतरावांनीच लिहिलं होतं, फोटोसकट. दोघांमध्येच राहिलेलं असं काही त्यांना आठवेना. तिथं दौलतरावांना रडू आलं.

आत सगुणाबाईही रडत होत्या. त्यांना दोन गोष्टींची भीती वाटत होती. बाहेरचा तो खोटा असला तर पिल्लांचं काय होईल ही एक, आणि खरा असला तर मग आपलं काय झालंय ही दुसरी. पिल्लं ओरडून ओरडून गप्प झाली होती. ती गप्प झालेली त्यांना सोसेना.

"तुम्ही खरेच असाल," त्या म्हणाल्या, "तर कोल्हेकुईवर एकदा 'आलोय' म्हणा हो. मी लगेच चोच काढते."

दौलतरावांच्या गळ्यात आता एकच उंबर उरलं होतं. सूर्य डोंगराला टेकला होता.

शेवटचा एक उपाय राहिला होता, तो जंगलात सगळ्यांनाच ठाऊक होता. रेंज येत नसेल तर खिडकीशी जावं. या घराला खिडकी म्हणजे ती एक फट. सगुणाबाईंनी फोन चोचीच्या टोकात धरला आणि फटीतून जरासा बाहेर काढला. दौलतरावांनाही नेमकी तीच बुद्धी झाली. त्यांनी आपला फोन पायात धरला आणि ते फटीला चिकटून उभे राहिले. अंधारायला लागलं होतं. सगुणाबाईंचा फोन निसटला आणि मागं ढोलीत पडला. नुसती चोच पुढं राहिली. ती दौलतरावांच्या चोचीला लागली.

चोचीला चोच लागली की गळ्यातला घास वर येतो. धनेशाच्या गळ्याला हे पणजोबांपासून ठाऊक आहे, त्याला आकडा लागत नाही. उंबर वर आलं आणि सगुणाबाईंच्या चोचीत गेलं. चव ओळखीची होती. कडेच्या झऱ्यावरच्या उंबराची, दौलतराव आणायचे तीच. सगुणाबाईंनी तिघांना थोडं थोडं भरवलं. ढोलीत पुन्हा आवाज सुरू झाला.

एवढी चांगली गोष्ट इथंच संपवायला हवी होती. पण तिकडे कोल्ह्याच्या कचेरीत कोणीतरी त्या वायरीला चिकटपट्टी लावली, नेमकी तेव्हाच.

दोन्ही फोन वाजले. सकाळपासून अडकलेलं 'आलोय' सगुणाबाईंना मिळालं. त्यांनी आनंदानं 'या' लिहिलं आणि आता खात्री पटल्यामुळं आकडाही सांगून टाकला. दौलतराव म्हणाले, रेंज आली. सगुणाबाई म्हणाल्या, आली बाई एकदाची. उंबराचं नाव कोणी काढलं नाही.

मग सगुणाबाईंनी सगळ्या जंगलाच्या माहितीसाठी लिहिलं की दिवसभर सर्व उपाय थकले, पण बेहड्यावरच्या ढोलीच्या तोंडाशी फोन धरताच संपर्क झाला. पोपटानं त्याखाली लिहिलं, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. कोल्ह्यानं झाडावर पाटी लावली, 'येथे संपर्क होतो'.

दुसऱ्या दिवशी दौलतराव गळा भरून आले, तेव्हा बेहड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वानरं होती, खारी होत्या, रानकोंबडा होता. साळिंदराला चढता येत नव्हतं, ते बुंध्याशी उभं राहून सूचना देत होतं. प्रत्येकाचा फोन फटीकडे धरलेला होता. दौलतरावांनी सभ्यपणे वाट मागितली. वानर म्हणालं, रांगेत या.

दौलतरावांनी लांबूनच 'आलोय' दाबलं. रेंज उत्तम होती. उत्तर तत्काळ आलं. 'या.'

त्यांनी पुन्हा दाबलं. 'या ना.'

पुन्हा दाबलं. 'अहो, या ना लवकर.'

ते जमलेल्या सगळ्यांनी आपापल्या फोनवर वाचलं. नवराबायकोचं एवढं प्रेम पाहून त्यांना गहिवरून आलं. हजारोंनी बदाम पाठवले. फांदीवरून मात्र कोणी हललं नाही. ढोलीत पिल्लं ओरडत होती. गर्दीत दौलतरावांना धक्का बसला आणि उंबरं खाली पडायला लागली.

डुकरानं वर बघितलंसुद्धा नाही. त्यानं नुसतं तोंड उघडलं.

तात्पर्य: संपर्क तुटला तर धीर सोडू नये, जाणकार सांगतील ते सगळे उपाय करून पाहावेत. वरच्यांचा संपर्क होवो न होवो, खालच्याचं पोट नक्की भरतं.