इंगळे सरांचा सोमवार

आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजातला सर्व्हर चोवीस तास चालू असे, पण त्याचा कीबोर्ड रोज संध्याकाळच्या एसटीने देऊळघाटला मुक्कामी जाई. इंगळे सर तो पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी घालून घरी नेत. "मशीन ऱ्हाऊ दे इथं. पन कोनाची बोटं लागाले नको," असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि सगळा कारभार सरांकडे होता.

कोणती फाइल कोणाच्या मालकीची, ती वाचायची कोणी, तिच्यात लिहायचं कोणी, हे सर ठरवत. मी त्यांच्या हाताखाली नवा होतो. वेबसाइटवर सूचना चढवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, सारखी अडे, म्हणून एकदा वैतागून मी तिची फाइल सगळ्यांना खुली करून टाकली. पान चालू झालं आणि सर भडकले.

"काऊन बे, तू घराले दार लावतं का नाही? मालक कोन हाय, ते पाह्य पयले!"

मालक खुद्द सरच होते. ते कायम 'रूट' म्हणून, म्हणजे मशीनचे सर्वेसर्वा म्हणून काम करत, त्यामुळे हात लावतील ती फाइल रूटच्या नावावर जाई. स्क्रिप्ट बिचारी बिनअधिकाराच्या खात्यातून चालायची. तिला साहेबांच्या फायलीत लिहायची परवानगी कुठली? मग सर मालकी बदलून देत आणि आपणच घातलेला गुंता सोडवल्याबद्दल आमच्याकडून चहा घेत.

सर निवृत्त झाले, कीबोर्ड आणि पासवर्ड माझ्या हवाली झाले. तरी दर सोमवारी सूचनांचं पान बंद पडे. मालकी फिरवणं एव्हाना मलाही येत होतं, पण सरांचा मान म्हणून मी फोन करी. सर लगेच येत. "मायाबिगर चालत नाही तुमचं," म्हणत क्षणात काम उरकत आणि कॉलेज सुटेपर्यंत गप्पा मारत बसत. काकू गेल्या होत्या, मुलगा पुण्याला. घरी बोलायला कोणी नव्हतं.

एकदा मी मुळाशी गेलो. निवृत्त होण्याआधी सरांनीच एक ओळ लिहून मशीनला सांगून ठेवलं होतं, दर सोमवारी सकाळी ती फाइल रूटच्या नावावर कर म्हणून. मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. ती ओळ पुसायला कितीसा वेळ लागणार होता? मी ती राहू दिली.

पुढे नवं मशीन आलं. ती ओळ काही त्यावर आली नाही. सोमवारी पान झकास चाललं आणि मीही कामाच्या गडबडीत विसरलो. दुपारी फोन वाजला.

"काऊन बे," सर हळूच म्हणाले, "आज बंद नाही पडलं का?"

प्राचार्यांची सूचना नुकतीच चढली होती. समोर दिसत होती.

"पडलं ना सर! सकायपासून बंद हाय. तुमच्याबिगर होत नाही आमचं."

"मंग सांगाले काय झालं होतं? निंगालोच मी!"

देऊळघाटहून गाडी यायला वेळ होता. मी रूट म्हणून आत शिरलो आणि चांगलं चाललेलं पान बंद पाडून ठेवलं.