हेडसेटमधले साहेब

मीटिंगमध्ये मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "हिप हॉपचा इतिहास ना? माझ्यावर सोडा! लोक त्या काळात चालत जाऊन परत येतील!"

त्यानंतर मी धड झोपलेलो नाही.

आमचं संग्रहालय लहानसं. मी तिथला सहायक. म्हणजे जे काम कुणाचंच नसतं, ते माझं. तळमजल्यावरच्या दालनाकडे कुणी फिरकत नव्हतं. पहारेकरी अधूनमधून आत चक्कर मारून यायचा, तेवढीच दिव्यांना सोबत. ते दालन बंद करून तिथे मोडकी कपाटं ठेवायची, असं वरून घाटत होतं. आणि दालन नसेल तर सहायक कशाला?

म्हणून हे हेडसेटचं प्रदर्शन. हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा डबा. तो घातला की माणूस थेट हिप हॉप जिथे जन्मलं, त्या पडक्या वस्तीच्या रस्त्यावर उभा! दिव्याच्या खांबातून ओढून घेतलेली वीज, दोन तबकड्या मागेपुढे फिरवणारा डीजे, पुठ्ठा अंथरून डोक्यावर गरगरणारी पोरं, भिंतभर रंगवलेली नावं. खिशात दमडी नसताना या पोरांनी जग नाचवलं, हे वाचून मी खरंच हरखलो होतो. त्या वयात मला साधी शिट्टी येत नव्हती!

शेवटी होता सामना. एक पोरगा समोर येऊन यमकात तुमची खेचणार, तुम्ही यमकात परतफेड करायची. हात उगारायचा नाही, शब्द उगारायचे. हे मराठीत हवं होतं. लेखक परवडेना, आवाज देणारा त्याहून परवडेना. मीच लिहिलं, मीच बोललो. सुरुवातीला एक ओळ सुचेना. मग डोळे मिटून आमच्या साहेबांना समोर आणलं. नळ फुटल्यासारखी कडवी सुटली!

ऐकून बायकोने विचारलं, "अहो, हे तुमचे साहेब तर नाहीत?"

"असले तर असले! त्यांना सरकत्या जिन्यावर चक्कर येते. ते हा डबा जन्मात घालणार नाहीत!"

उद्घाटनाला दालन भरलं. पाहुण्या म्हणून आलेल्या बाई एकेकाळच्या नामांकित नर्तिका. मी मोठ्या हौशीने भिंतीवर पडदा आणि चारी कोपऱ्यांत स्पीकर लावले होते, हेडसेटमधलं सगळं सगळ्यांना दिसावं म्हणून. बाईंच्या डोक्यावर केसांचा असा मनोरा होता, की डबा त्यावर चढेना.

"साहेब, तुम्हीच घाला. आम्ही पडद्यावर बघतो," बाई म्हणाल्या.

पाहुण्यांना नाही कसं म्हणणार? साहेबांनी डबा घातला.

तबकड्या झाल्या, गरगरणं झालं. साहेबांनी फक्त एकदा टेबल घट्ट धरलं. मग तो पोरगा पुढे आला आणि चारी कोपऱ्यांतून माझा आवाज घुमला:

"चष्मा डोक्यावर, शोधतो खणात,
निर्णय विचारा, म्हणतो, 'बघू महिन्याभरात'!"

दालन खो खो हसलं. साहेबांचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"कोण आहे रे तो?" ते कडाडले.

आता, त्या यंत्राला शब्द कळत नव्हते. मोठा आवाज आला की जोरदार उत्तर मिळालं, एवढंच त्याला ठाऊक! हेडसेटमधली गर्दी ओरडली, "ओहोऽऽ!" आणि पोरगा दुप्पट चेवाने सुटला:

"मीटिंगला झोपतो तोंड उघडं ठेवून,
जाग आली की म्हणतो, 'आणा पुन्हा तपासून'!"

मी धावलो. बंद करायचं बटण हेडसेटच्या खालच्या कडेला, नेमकं साहेबांच्या गालाशी! मी हात घातला. साहेबांना वाटलं, गर्दीतलं कुणी अंगावर आलं. त्यांचं कोपर माझ्या नाकावर बसलं. मी खाली आडवा झालो.

"हा आवाज ओळखीचा आहे!" साहेब गरजले. गर्दी पुन्हा "ओहोऽऽ!" ते "ओहो" साहेबांना आवडलं असावं, कारण इतक्या वर्षांत त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं. त्यांनी घसा खाकरला, एक पाय पुढे टाकला:

"दहाचं ऑफिस, हा उगवतो अकराला,
वर तोंड करून म्हणतो, 'काय झालं साहेबाला?'
कपाटाआड झोपतो, दिवे असतात चालू,
घोरणं ऐकून वाटतं, आत शिरलंय भालू!"

दालन डोक्यावर घेतलं लोकांनी! बाई उठून टाळ्या वाजवत होत्या. "काय तयारी करून घेतलीये! आणि तो खाली पडलेला माणूस, किती खरा वाटतो!"

साहेबांनी डबा काढला. चेहरा घामाने निथळत होता आणि लग्नातल्या नवरदेवासारखा खुलला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या केबिनमध्ये या."

रात्रभर मी मनातल्या मनात राजीनामा लिहीत होतो. सकाळी केबिनमध्ये गेलो, तर साहेब आरशासमोर उभे राहून एक पाय पुढे टाकून बघत होते.

"दालन चालू राहतंय," ते म्हणाले. "दर शनिवारी माझा सामना. लोक आत्ताच विचारताहेत."

"आणि मी, साहेब?"

"तुम्ही पण राहताय. मला एवढंच सुचलं होतं, आता डोकं रिकामं आहे. माझी उत्तरं पुढच्या शनिवारपासून तुम्हीच लिहून द्या. चांगली झोंबणारी हवीत!"

तेव्हापासून हे असं चाललंय. दर आठवड्याला मी माझीच अब्रू यमकात बसवतो, साहेब ती चारी कोपऱ्यांतून ऐकवतात आणि मी दाराशी उभा राहून तिकिटं फाडतो. विषय कधी कमी पडत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी मी वही उघडून बसलो की बायको न विचारता खुर्ची ओढून शेजारी बसते. यमक माझं, माहिती तिची.