व्यंकटच्या नावावरची फाईल

लोह्याच्या व्यंकटने एका शनिवारी ठरवलं, की आपली बायको सात महिने कॉम्प्युटरवर नेमकं काय शिकते ते एकदा बघावंच. झालं ते सगळं एवढ्यावरूनच झालं. नसतं बघितलं तर काही बिघडणार नव्हतं. पण आपल्याला माहीत नाही असं एखादं काम बायको करते, हे माणसाला फार दिवस सोसत नाही. त्यातून व्यंकट तालुक्याच्या कचेरीत कारकून. चौदा वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलेला (समोर बसलेला, एवढंच खरं).

बायको बबिता. दहावीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच. गावातल्या महिला अभ्यास केंद्राने तिला गणिताचं एक सॉफ्टवेअर दिलं होतं. धडा वाचायचा, गणितं सोडवायची, 'साठवा' दाबायचं. दुसऱ्या दिवशी 'उघडा' दाबलं, की काल सोडलं तिथून पुढे. साठ धडे पुरे झालेली फाईल जी बाई येत्या बुधवारपर्यंत आणून दाखवेल, तिला केंद्रात शिकवायला घेणार होते. बबिताचे अठ्ठावन्न झाले होते. भाकरी थापता थापता ती शेकडेवारी पुटपुटायची, आणि सासू मनकर्णाबाई विचारायच्या, "काय मंतर म्हणून राहिली गं?"

तर शनिवारी बबिता बाजाराला गेली आणि व्यंकट खुर्चीत बसला. सॉफ्टवेअरने नाव विचारलं. त्याने ऐटीत स्वतःचं टाकलं. पडद्यावर आलं, 'या नावाची फाईल आहे. उघडू, की नवी सुरू करू?' व्यंकट हसला. आपण तर आजच हात लावतोय! मशीनच येडं हाय, असं म्हणून त्याने 'नवी' दाबलं. 'जुनी फाईल पुसली जाईल. नक्की?' कचेरीत असले प्रश्न दिवसातून पन्नास वेळा येतात. ते वाचत बसलं तर साहेबांची कामं कधी करायची? त्याने 'नक्की' दाबलं. मग पहिला धडा सोडवला. दहापैकी तीन गणितं बरोबर आली. तेवढ्यावर समाधान मानून त्याने 'साठवा' दाबलं आणि वर एक जांभई दिली.

बबिता आली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, मशीन उघडलं. पडद्यावर होतं, 'पूर्ण धडे : एक.'

"अहो, हे काय करून ठेवलं?"

"कुठं काय? म्या माझं येगळं उघडलं. तुझ्याला बोटसुद्धा लावलं न्हाई. तुझ्या नावावर बघ की."

"माझ्या नावावर?" बबिता त्याच्याकडे बघतच राहिली. "माझ्या नावावर ह्या घरात हाय काय? घर तुमच्या नावावर, मीटर तुमच्या, नळ तुमच्या. माझी शिलाई मशीन, तिची पावतीसुद्धा तुमच्या नावावर. ह्या कॉम्प्युटरनं नाव इचारलं, म्या तुमचंच टाकलं. मला वाटलं, हितं बी तसंच टाकत्यात."

व्यंकटने घाईघाईने खिशातून फोन काढला.

त्याने लातूरच्या धोंडप्पाला फोन लावला. कॉम्प्युटर त्याच्याच दुकानातून घेतलेला.

"दुसरीकडं कॉपी ठेवली होती का?" धोंडप्पाने विचारलं.

"न्हाई."

"मंग गेलं, साहेब. त्याच फाईलीवर नवीन लिहिलं ना तुम्ही? आता वैनींना हळूच सांगा."

"तिनंच सांगितलं मला."

मनकर्णाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "आता कुणी काय करावं! ल्हानपणी ह्याच्या हातात कुणाचीबी पाटी दिली, की आधी थुंकी लावून पुसायचा," त्या म्हणाल्या आणि सुनेजवळ जाऊन बसल्या.

बबिता रडली. हे सांगायलाच हवं, गमतीच्या भरात ते राहून जातं. सात महिने सगळ्यांची जेवणं उरकून, पाठ दुखत असताना ती त्या खुर्चीत बसली होती, आणि ते सगळं एका माणसाने न वाचता पुसलं होतं. व्यंकटला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "चुकलं माझं," तो म्हणाला. लग्नाला बारा वर्षं झाली, हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं.

बबिताने तोंड धुतलं. खुर्चीत बसली आणि या वेळी स्वतःचं नाव टाकलं. 'या नावाची फाईल नाही. नवी सुरू करू?' तिने अक्षर न् अक्षर वाचलं, मगच 'हो' म्हणाली.

"मी उत्तरं सांगू का?" व्यंकटने विचारलं.

"तुम्ही भांडी घासा."

व्यंकटने भांडी घासली. पहिला धडा तिने सात मिनिटांत उडवला. फाईल पुसली गेली होती, पण तिच्या डोक्यातलं कोण पुसणार? रविवारी पंचवीस झाले, सोमवारी एकोणचाळीस. व्यंकटने रजा टाकली, भाकऱ्या थापल्या (मनकर्णाबाईंनी त्यातली एक हातात धरून हा कोणत्या जिल्ह्याचा नकाशा, असं विचारलं) आणि मंगळवारी अठ्ठावन्न झाले. बुधवारी सकाळी साठाव्या धड्यात घनफळाला ती अडली. मग टेप घेऊन अंगणातल्या हौदाजवळ गेली. एक टोक व्यंकटने धरलं. बबिताने लांबी, रुंदी, खोली मोजून गुणली आणि रीत कळली तशी आत जाऊन धड्यातलं गणित सोडवलं. बरोबर आलं. तिने 'साठवा' दाबलं, तेव्हा बाजूला उभ्या व्यंकटचे डोळे भरून आले होते. कांदा चिरत होतो, असं तो नंतर म्हणाला. कांदा त्या दिवशी घरात नव्हता.

केंद्राने बबिताला घेतलं. पहिल्याच दिवशी ती डबा विसरली, म्हणून दुपारी व्यंकट तो घेऊन केंद्रावर गेला. वर्गात वीसेक बायका होत्या आणि बबिताचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "फाईल आपल्याच नावानं ठेवायची. आणि 'नक्की' असं इचारलं, की आधी वाचायचं. आमच्या घरी काय झालं, सांगते."

तिने सगळं सांगितलं. नाव तेवढं घेतलं नाही. बायका पोट धरधरून हसल्या. नेमकं तेव्हाच तिचं लक्ष दाराकडे गेलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, तुम्ही?" त्याबरोबर वीस माना वळल्या. पुढच्या बाकावरच्या धोंडाबाई चष्मा सावरत उठल्या. त्यांनी दारातल्या माणसाला टोपीपासून चपलेपर्यंत नीट न्याहाळलं, त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि हळहळून म्हणाल्या, "अगं बाई! दिसाया तर शिकलेला दिसून राहिला की!"