पाण्याला दोन शब्द

खरं म्हणजे त्यांनी 'नाही' म्हटलं होतं. पण दोन्ही गालांत कापसाचे बोळे, जिभेवर आरसा आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओढणारी नळी, अशा अवस्थेत माणसाच्या 'नाही'चं 'आँ' होतं. आणि दातांच्या डॉक्टरला प्रत्येक 'आँ' हा 'हो'च ऐकू येतो. त्यातून हा डॉक्टर म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दाढ कोरता कोरता त्याने विचारलं होतं, "भाऊजी, आपण दोघं मिळून एक नवी भाषा तयार करू या का?"

"आँ!"

"वा! मला वाटलंच होतं तुम्ही तयार व्हाल."

दवाखान्याच्या बाकावर एक जुनं मासिक पडलेलं होतं. त्यातला एक लेख दोघांनीही वाचला होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी या सगळ्या बहिणी, आणि हजारो वर्षांपूर्वी त्यांची एकच आई होती, आद्य भारत-युरोपीय भाषा. ती कोणी लिहून ठेवली नाही. पंडितांनी मुलींचे चेहरे बघून बघून आईचा चेहरा काढला. मेहुण्याचं म्हणणं असं, की एवढ्या मुली झाल्या तिथे आणखी एक झाली असेल आणि कुठल्या तरी डोंगरात राहिली असेल, तर काय बिघडलं? ती आपण मोठी करू.

ज्यांची ही दाढ होती ते एका छापखान्यात प्रूफं तपासत. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून त्यांचा स्वभाव असा झाला होता, की रस्त्यातल्या पाट्या वाचत वाचत ते घरी येत आणि दार उघडेपर्यंत त्यांचं डोकं तापलेलं असे. छापखान्यात मागून सगळे त्यांना 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणत. (तोंडावर कोणी म्हणत नसे, कारण उच्चार चुकला असता.)

गुळणी झाल्यावर ऱ्हस्वदीर्घांना 'नाही' म्हणता आलं असतं. पण तेवढ्यात मेहुण्याने पहिला शब्द तयार केला होता, आणि तो चुकला होता. चुकलेलं काही तसंच टाकून उठणं त्यांना या जन्मात जमलेलं नव्हतं.

मग दर रविवारी मेहुणा घरी येऊ लागला. जेवणाच्या टेबलावर कोश पसरले जाऊ लागले. मूळ शब्द मेहुण्याने शोधायचे आणि ते या डोंगरातल्या मुलीच्या तोंडी कसे बदलले याचे नियम ऱ्हस्वदीर्घांनी लावायचे, अशी वाटणी झाली. पहिला नियम असा, की 'प' दिसला की त्याचा 'फ' व्हायचा. अपवाद नाही.

"मग पितर म्हणजे बाप, त्याचं फितर होणार?" मेहुण्याने विचारलं.

"होणार."

"भाऊजी, फितूर म्हटल्यासारखं वाटतं. मी दोन मुलांचा बाप आहे."

"दोन मुलांचा फितर आहेस," ऱ्हस्वदीर्घांनी दुरुस्ती केली.

त्या आद्य भाषेत घशातले तीन आवाज होते आणि ते नेमके कसे होते हे कोणालाच ठाऊक नाही, असं पुस्तकात होतं. "मला ठाऊक आहेत," मेहुणा म्हणाला. "अक्कलदाढ काढताना तिन्ही येतात, एकापाठोपाठ." आणि त्याने ते काढूनही दाखवले. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. असल्या थिल्लरपणाने ऱ्हस्वदीर्घांच्या तळपायाची आग मस्तकात जात असे. पण रविवार आला की दहाच्या आधीच ते गॅलरीत उभे राहून मेहुण्याची वाट बघत, हेही खरं.

दीड वर्षात चौदाशे कार्डं झाली. प्रत्येक शब्दाला एक कार्ड, फाउंटन पेनने लिहिलेलं. (बॉलपेनने लिहिणाऱ्या माणसाच्या हेतूंबद्दल त्यांना शंका असे.) कार्डांचे तीन लाकडी खण मागच्या बंद केलेल्या बाल्कनीत असत. तिथे एका बाजूला त्यांचं टेबल आणि दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याचं मशीन. टेबलावर छापखान्याची प्रूफं असायची, म्हणून खण खाली जमिनीवर.

यात बायकोला ओढायचं कोणाच्या मनात नव्हतं. ती एका मोठ्या इस्पितळात वॉर्डची सिस्टर. पण दर रविवारी जेवणाचं टेबल अडलेलं, तेव्हा ती भाजी निवडायला तिथेच बसायची आणि कानावर पडेल ते उचलायची. सहाशे औषधांची नावं आणि कोणत्या पेशंटला कोणतं चालत नाही हे तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला चौदाशे शब्द म्हणजे काय? बघता बघता ती भावाशी फोनवर त्या भाषेत फडाफडा बोलायला लागली. दोघं मधूनच खो खो हसत. ऱ्हस्वदीर्घांना मात्र एक वाक्य जुळवायला चार मिनिटं लागत, कारण ते प्रत्येक शब्दाला पार पूर्वजांपासून हाताला धरून खाली आणत.

"काय म्हणालीस आत्ता त्याला?" ते दरडावून विचारत.

"काही नाही. तुमची चौकशी करत होता."

तेव्हा चौकशीत हसण्यासारखं काय होतं, या विचाराने ते दिवसभर धुमसत.

सगळ्यात मोठं भांडण पाण्यावरून झालं. त्या प्राचीन माणसांकडे पाण्याला दोन शब्द होते. एक नुसतं पडून राहिलेल्या पाण्याचा, दुसरा जिवंत, वाहत्या पाण्याचा. ऱ्हस्वदीर्घांच्या नियमांतून पहिल्याचं झालं 'ग्वोद' आणि दुसऱ्याचं 'आफ'. मेहुणा म्हणाला, एक पुरे. ऱ्हस्वदीर्घ म्हणाले, दोनच. तीन रविवार या वादात गेले. शेवटी मेहुण्याने ताईचं मत विचारलं.

"माझ्या घरात नळ एकच आहे," ती म्हणाली. "शब्द दोन कशाला?"

"कारण ते बरोबर आहे!" ऱ्हस्वदीर्घ टेबलावर हात आपटून ओरडले. त्यांनी तिथल्या तिथे परीक्षा सुरू केली. "बादलीतलं पाणी?"

"ग्वोद."

"नळातून येणारं?"

"आफ."

"बादली कलंडली तर?"

"तर फडकं आणायचं."

पुढे त्यांनी नियम केला, की रविवारी दहा ते बारा घरात मराठीचं एक अक्षर चालणार नाही. पहिल्याच रविवारी कढईतलं तेल उडून बायकोच्या मनगटावर आलं आणि तिच्या तोंडून "आई गं!" निघालं. ऱ्हस्वदीर्घ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भाषेची कसोटी संकटातच लागते." बायकोने मनगट नळाखाली धरलं आणि त्यांच्याकडे एकदा बघितलं. ती नजर मेहुण्याने ओळखली आणि तो लवकर घरी गेला. ऱ्हस्वदीर्घांनी ती ओळखली नाही. ते मागे जाऊन भाजणे या क्रियापदाचं कार्ड लिहीत बसले.

पुढच्या रविवारी साडेअकराला दोघं पुरुष बाहेरच्या खोलीत हमरीतुमरीवर आले होते. (भांडणाला मराठी चालेल, अशी सवलत ऱ्हस्वदीर्घांनी स्वतःला दिलेली होती.) विषय होता सासू. ऱ्हस्वदीर्घांच्या पुस्तकाप्रमाणे त्या आद्य भाषेत नवऱ्याच्या आईला शब्द होता, सासऱ्याला होता, दिराला होता. बायकोच्या आईला मात्र नव्हता.

"म्हणजे माझ्या आईला तुमच्या भाषेत शब्दच नाही?" मेहुण्याचे कान लाल झाले.

"माझ्या नव्हे, त्यांच्या. पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी ठरवलंय ते. त्यांच्यावर चिड."

"पण तुम्हाला आनंद झालाय! तुमच्या तोंडावर दिसतोय!"

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "ग्वोद! ग्वोद!"

"ताई पाण्याचं काहीतरी म्हणतेय," मेहुणा अर्धवट उठला.

"बस खाली. साचलेलं पाणी. बादली भरली असेल. वाहतं असतं तर 'आफ' म्हणाली असती."

"ग्वोद मेग!"

"मेग म्हणजे मोठं ना, भाऊजी?"

"मोठंच. पण विशेषण कुठे टाकलंय बघ!" ऱ्हस्वदीर्घांचा आवाज चढला. त्यांनी मागे मान करून ओरडून सांगितलं, "विशेषण आधी!"

मग मागून, दात आवळून, "मेग ग्वोद!"

"आता बरोबर!" असं म्हणून ते पुन्हा सासूकडे वळले. मेहुण्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दाराची घंटा वाजली. वाजली म्हणजे, कोणी तरी बोट ठेवलं ते उचललंच नाही.

दारात खालच्या मजल्यावरचे वकील उभे होते. अंगात बनियन, डोक्यावर उघडलेली छत्री.

"तुमच्या घरी काय चाललंय?" वकील ओरडले. "माझ्या दिवाणखान्यात छतातून धार लागली आहे! सोफा भिजला! माझ्या अशिलाची कागदपत्रं भिजली!"

ऱ्हस्वदीर्घ धावले. मागच्या बाल्कनीत मशीनची पाण्याची नळी तोटीतून निसटली होती. बायकोने दोन्ही हातांनी तोटीवर टॉवेल दाबून धरला होता. ती केसांपासून भिजलेली होती आणि तिच्या पायांभोवती घोटाभर पाणी होतं. पाण्यावर चौदाशे कार्डं तरंगत होती. काही उताणी, काही पालथी. सगळी निळी पडली होती आणि एकावरही अक्षर नव्हतं.

वकिलांनी जिन्यात जाऊन मेन कॉक बंद केला. धार थांबली. मग ऱ्हस्वदीर्घांचा बांध फुटला.

"आफ म्हणायचं! आफ! वाहत होतं ना? तुला हजारदा शिकवलं!"

बायकोने टॉवेल पिळला. सावकाश, खालपासून वरपर्यंत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाराला अजून सहा मिनिटं होती. तरी ती मराठीत बोलली, आणि ते तिचं त्या दिवसाचं शेवटचं मराठी बोलणं ठरलं.

"वाहत होतं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मी आले तेव्हा ते साचलेलं होतं. घोट्यापर्यंत. साचलेल्या पाण्याला काय म्हणतात?"

ती बरोबर होती. व्याकरणाने बरोबर होती. राग आलेल्या माणसावर याहून मोठा अन्याय नाही. अंगभर राग उसळतोय आणि तो ठेवायला जागा नाही! त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि तो मेहुण्यावर ठेवला.

"हे सगळं तुझ्यामुळे! तूच तिला आधी ग्वोद शिकवलंस!"

"मी उठत होतो तर तुम्ही म्हणालात, बस खाली!"

"तू कशाला ऐकलंस?"

"जिथे माझ्या आईला शब्द नाही तिथे मी यापुढे पाऊल टाकणार नाही," मेहुणा म्हणाला आणि चपला हातात घेऊन (त्या भिजल्या होत्या) निघून गेला. त्याच्यामागून वकीलही गेले, जाताना नोटीस हा शब्द दोनदा उच्चारून.

ऱ्हस्वदीर्घांनी कार्डं दोरीवर चिमट्यांनी लावली. वाळल्यावर ती सुंदर निळी, कोरी दिसत होती. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की त्यांना नियम सगळे पाठ आहेत, पण शब्द फारसे पाठ नाहीत. शब्द कार्डांवर असायचे. आता चौदाशेच्या चौदाशे शब्द जगात दोनच डोक्यांत शिल्लक होते. एक डोकं शहराच्या दुसऱ्या टोकाला दाढा उपटत होतं. दुसरं घरातच होतं आणि सोमवारपासून फक्त त्याच भाषेत बोलत होतं.

सकाळी डबा देताना काहीतरी म्हणायची, संध्याकाळी दार उघडताना काहीतरी म्हणायची, वेगाने, उतारावरून सायकल सुटावी तसं. ऱ्हस्वदीर्घ पहिला शब्द सोडवेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत गेलेली असायची. बुधवारी ती बोललेल्या एका वाक्याचा अर्थ "गॅस संपलाय" असा होता, हे त्यांना गुरुवारी कळलं. छापखान्यात त्यांनी तीन नवशिक्यांना रडवलं. स्वतःच्या घरात, स्वतःच केलेल्या भाषेत आपल्याला परका ठरवावं? त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शनिवारी ते भावासारख्या वाटणाऱ्या मेहुण्याला फोन करायला उठले आणि तीनदा परत बसले.

शेवटी त्यांनी ठरवलं, की क्षमा मागायची. पण साधीसुधी नाही. त्याच भाषेत, अशी की तिने थक्क व्हावं. अडचण अशी, की क्षमा मागणे याला शब्दच केलेला नव्हता. (दीड वर्षात त्याची गरज भासेल असं त्यांना वाटलं नव्हतं.) त्यांनी 'सोडून देणे' या मुळापासून तो खाली आणला, प्रत्येक आवाजाला नियम लावला, शेवटी विभक्तीचा प्रत्यय जोडला. दोन दिवस लागले. मंगळवारी संध्याकाळी ते नवं कार्ड हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, घसा खाकरला आणि घशातल्या तिन्ही आवाजांसकट वाचून दाखवलं.

बायकोने गॅस बारीक केला. पदराला हात पुसले. ओट्यावरचा फोन जरा बाजूला सरकवला. आणि नऊ दिवसांत प्रथमच मराठीत विचारलं, "आत्ता काय म्हणालात ते कळलं का तुम्हाला?"

"माफी मागितली मी! कळत नाही?" ऱ्हस्वदीर्घ भडकले.

"माफी नाही मागितलीत. प्रत्यय उलट लावलात. 'जा, मी तुला माफ केलं' असं म्हणालात."

"अशक्य!"

"बघा जाऊन."

ते पाय आपटत मागे गेले. कोश काढले, तक्ते काढले. वीस मिनिटं मागून पुस्तकं आपटल्याचे आवाज येत राहिले, मग तेही थांबले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कार्ड नव्हतं. मान खाली होती. ते फारच हळू आवाजात म्हणाले, "चूक माझी होती."

बायकोने डोळे मिटून ते वाक्य ऐकलं. "वा," ती म्हणाली. "यात एकही चूक नाही."

ऱ्हस्वदीर्घांना भरून आलं. बावीस वर्षांत ते दुसऱ्या कोणाच्या वाक्याबद्दल असं म्हणाले नव्हते आणि त्यांच्या वाक्याबद्दलही कोणी असं म्हटलं नव्हतं. ते पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात तिने ओट्यावरचा फोन उचलून त्यांच्या तोंडासमोर धरला.

"पण जरा मोठ्यानं म्हणा. मघापासून भाऊ ऐकतोय, त्याच्यापर्यंत नीट पोचलं नाही म्हणतो."