नाव कुनी इकलं?

सिद्रामअण्णांना कुणीही नाव किंवा नंबर विचारला, की ते आधी विचारतात, "कशाला पायजे?"

भांडण काढायचं म्हणून नव्हे हं. शुक्रवार पेठेत आमच्या कोपऱ्यावर चादरींचं दुकान आहे. तिथल्या गल्ल्यावरच्या माणसानं बिल करताना मोबाईल नंबर मागितला, तेव्हाही अण्णांनी अगदी गोडीनं हेच विचारलं. तो म्हणाला, कॉम्प्युटर मागतो. "मग आदी तुमचा सांगा की," अण्णा म्हणाले. "चादर न्हेतोय, सोयरीक न्हाय करत." मागे रांग वाढायला लागली, मालक उठून आला आणि अण्णांना नंबराशिवाय चादर मिळाली. त्यांच्या मागे मी होते. मी माझा नंबर मुकाट्यानं दिला आणि त्या आठवड्यापासून कुणीतरी मला रोज फ्लॅट विकतं आहे.

अण्णा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे मंद्रूपचे. शेती भावावर सोपवून तरुणपणीच शहरात आले आणि भांड्यांच्या दुकानात नावं घालायला बसले. स्टीलच्या डब्यावर विजेच्या पेननं टुर्र टुर्र करत नाव कोरणारा माणूस असतो ना, तो. पेठेतल्या कितीतरी लग्नांतली 'सप्रेम भेट' त्यांच्या हातची आहे. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तिथूनच आलेलं. भांड्यावर नाव असलं, की जेवणावळीत हरवलेली परात फिरून घरी येते, आणि कुणी दडपलीच तर ती कुणाच्या घरात सापडली यावरून चोर कळतो.

त्या कोरीव कामात डोळे अधू झाले. पुतण्यानं फोन घेऊन दिला तो मोठ्यानं वाचून दाखवणारा. आलेली प्रत्येक गोष्ट त्यातली बाई सरळ, सपाट आवाजात वाचते. कर्ज असो की कोणाचं बारसं, तिला सगळं सारखंच.

फोन हातात आल्यावर अण्णांनी परातीचा कायदा इंटरनेटला लावला. प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव सांगायचं. चपलांच्या वेबसाइटवर ते चपलाप्पा, औषधांच्या ठिकाणी गोळ्याप्पा, पंखा मागवला तिथं पंखाप्पा. मग एखाद्या सकाळी फोनमधली बाई वाचते: प्रिय चपलाप्पा, तुम्हाला गृहकर्ज मंजूर झाले आहे. अण्णा मांडीवर थाप मारतात. "नाव कुनी इकलं?" असं मला विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देतात. चपलावाल्यानं. झालं. त्या दिवसापासून चपलावाला वाळीत. खातं पुसायचं, मेल बंद करायची, पुन्हा त्या दारात पाऊल टाकायचं नाही. मग त्यानं चपला फुकट वाटल्या तरी नाही. अण्णांच्या दरबारात नाव विकणाऱ्याला माफी नसते.

मलाही ते अधूनमधून शिकवतात. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत कुणीतरी आपल्या वतीनं आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली असते, ती पहिल्यांदा काढायची. बाजारासाठी मेलचा पत्ता वेगळा, घरच्यांसाठी वेगळा. जन्मतारीख तर मुळीच द्यायची नाही. "चपलेला जन्मतारीख कशापायी? पत्रिका जुळवायची हाय व्हय?" मी मान डोलावते आणि घरी जाऊन आहे तशी खूण ठेवून पुढे जाते. शाळेत दिवसभर पोरांच्या वह्यांवर खुणा करून आल्यावर मला आणखी एक खूण खोडायचा कंटाळा येतो.

या कायद्याला त्यांच्याच घरात एकदा सुरुंग लागला. लावला महादेवीअक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं.

अक्कांनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी हटून बसल्या, की त्या यमक जुळेपर्यंत यायच्या आणि नावापाशी आल्या की पाणी प्यायला उठायच्या. त्यांना अबोलीची रोपं हवी होती. फोनमध्ये बोलून मागवता येतात असं कळल्यावर त्या फोन घेऊन गॅलरीत बसल्या. अण्णांनी आतून बजावलं, खरं नाव अजिबात सांगायचं नाही.

"सांगायला मी कवा घेतलंय तुमचं नाव?" अक्का म्हणाल्या. आणि नावाच्या चौकटीत, ज्या शब्दानं त्या नवऱ्याला लग्नापासून हाक मारत होत्या, तोच सांगून मोकळ्या झाल्या. अवं.

रोपं आली त्या दुपारी कुरिअरवाला खाली रस्त्यावर उभा राहून ओरडला, "अवं! अवं कोन हाय हितं?" गल्लीतले यच्चयावत नवरे गॅलरीत आले. माझाही आला. अक्का तोंडात पदर कोंबून हसत होत्या, आणि अण्णा कपाळाला हात लावून, पण तुरुतुरु, जिना उतरत होते.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. आम्ही सगळे खालीवर करत होतो, डबे पोचवत होतो. अण्णा जेवायचे, डबा घासून परत द्यायचे आणि डब्यावरचं नाव बोटानं चाचपून म्हणायचे, हे माझंच काम. बाकी बोलणं आटलं. पेठेला ते अण्णा, मंद्रूपला सिद्रामप्पा. घरातली हाक तेवढी थांबली होती. मला तो खालचा मजला फार शांत वाटायचा, आणि ती शांतता सहन होत नसे.

मागच्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं. फोन भरून गेलाय म्हणाले, कचरा काढून द्या. मी गॅलरीत अबोलीच्या कुंडीशेजारी बसले. मेलवर बोट ठेवलं की बाई वाचायची आणि मी बंद करायची. चपलाप्पा गेला, पंखाप्पा गेला. गोळ्याप्पाला तर एकाच वेळी टक्कल आणि मधुमेह दोन्हींसाठी सवलत होती. अण्णाही जरा हसले. मला बरं वाटलं.

मग बाई म्हणाली, "अवं, बऱ्याच दिवसांत तुम्ही आला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते."

मेल रोपवाल्यांची होती. खाली आणखी होत्या. अवं, तुमच्यासाठी खास विमा. अवं, गुडघे दुखतात का? विमावाल्यांना आणि गुडघेवाल्यांना अक्का कधी काही सांगायला गेल्या नव्हत्या. रोपवाल्यांनी नाव विकलं होतं, उघड होतं. मी त्यांचीच शिष्या. सवयीनं विचारून गेले, "अण्णा, नाव कुणी विकलं?"

मी 'बंद करा' वर बोट नेलं, तसा त्यांनी फोनवर आपला तळवा ठेवला.

"ते ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, अण्णा, यांनी तर बाजारभर विकलंय.

"इकू द्या." ते कुंडीकडे बघत होते. "आदी एकलीच बोलवायची. आता बाजार बोलावतोय. पर हाक तीच हाय की."

मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच अबोलीची वाळकी पानं काढत बसले. त्या सगळ्या मेल मी ठेवल्या. एकीलाही हात लावला नाही.

आता सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालते, तेव्हा खालून फोनमधल्या बाईचा सपाट आवाज येतो. "अवं," ती म्हणते. पुढं विमा असतो, नाहीतर गुडघे. पण ती तिथवर पोचायच्या आत आमच्या पेठेतला हा महासंशयी माणूस हळूच ओ देतो.

"आं?"