आमच्या गच्चीवर विझलेला धूमकेतू

आमच्या घराण्यात चष्मा नाही! हे मी कुणालाही, कुणी विचारलेलं नसताना, सांगत असे. बाबांनी आयुष्यभर मनगटी घड्याळं दुरुस्त केली, तांदळाच्या कणीहून बारीक स्क्रू चिमट्यात धरले आणि सत्तरी ओलांडली तरी नाकावर काच चढली नाही. दुकान बंद केल्यावर त्यांचं सगळं लक्ष आभाळाकडे लागलं. गल्ली त्यांना दुर्बीणकाका म्हणते. मी त्यांचा मुलगा आणि मदतनीस. पाणीपुरवठा खात्यातली माझी नोकरी म्हणजे दोन संध्याकाळींच्या मधला वेळ!

पश्चिमेला एक पुसट, धूमकेतूसारखी वस्तू सापडली आहे, निरीक्षणं पाठवा, असं आकाशनिरीक्षण केंद्राकडून कळलं तेव्हा मी ऑफिसात जाहीर केलं, "बघाच आता! आमच्या घरून असे आकडे जातील, केंद्रवाले तोंडात बोट घालतील!"

तोंडात बोट त्यांनी घातलं. कारण मात्र वेगळं होतं.

काम दोन प्रकारचं. एक म्हणजे तो डाग रोज ताऱ्यांमध्ये कुठे सरकला ते नोंदवायचं. अशा अनेकांच्या नोंदींवरून केंद्र त्याची कक्षा काढतं. आमचा नकाशा जेवणाच्या टेबलामागे भिंतीवर चिकटवला होता आणि त्यावरची टिंबं पाहत आम्ही जेवत होतो. दुसरं काम तेजाचं. ज्याचं तेज माहीत आहे असा एखादा तारा दुर्बिणीत मुद्दाम अस्पष्ट करायचा, डागाएवढा पसरवायचा आणि दोघांची तुलना करायची. जे उत्तर येतं ती त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा. आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद. हे उलटं गणित आईला कधीच पटलेलं नाही.

"मोठा आकडा म्हणजे कमी उजेड? तुमच्या पाणी खात्यानेच काढलेलं दिसतंय हे!"

बाबा हसले नाहीत. पहिल्याच संध्याकाळी गच्चीवरून उतरताना ते मला म्हणाले, "हा परत इकडे येईल तेव्हा आपलं कुणीच नसेल. आणि मला काही आता असे फार मिळायचे नाहीत. याला मावळेपर्यंत सोबत करायची आहे मला." हा धूमकेतू बाबांना शेवटपर्यंत दाखवायचाच, असं मी ठरवलं.

पहिले आकडे जुळले. दोघांचेही साडेनऊ. पुढच्या आठवड्यात मला तो स्पष्ट उजळलेला दिसला. नऊ तरी नक्की! मी बोलणार इतक्यात बाबा म्हणाले, "दहा."

आता मी काय बोलणार? ज्या माणसाने नुसत्या कानाने घड्याळाची चूक पकडली, त्याच्यापुढे माझ्या डोळ्यांची काय मातब्बरी?

"मलाही दहाच वाटतंय," मी म्हणालो.

त्यानंतर मला साडेआठ दिसला, बाबांना साडेदहा. "गेलाच की हो पार!" मी म्हणालो आणि दोघांच्या नावे साडेदहा पाठवून मोकळा झालो. अलीकडे बाबा दुर्बीण मलाच लावायला सांगत आणि जिन्यात कठडा धरून उतरत. मला वाटलं, दुःखाने थकले!

केंद्रातल्या बाईंचा फोन आला. "तुमच्याकडे ढग आहेत का?"

"छे! आभाळ लख्ख आहे."

"मग धूर? चंद्र? समोर दिवा?"

"काहीही नाही! बाई, तुमचा धूमकेतू तुटतोय. इतरांना कळायला वेळ लागेल. आमच्या बाबांची नजर आहे ही!"

"अस्सं," म्हणून बाईंनी फोन ठेवला. ते 'अस्सं' मी आदराचं समजलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! तळमजल्यावर एक वार्ताहर राहतो. त्याला मी ही बातमी दिली. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'धूमकेतू अखेरच्या घटका मोजतोय!' संध्याकाळी गल्ली आमच्याकडे भेटायला आली. माणसं खाली मान घालून बसली. समोरचे पोस्टमास्तर बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "फार त्रास नाही ना झाला त्याला?"

"नाही. हळूहळू मंदावला," बाबा म्हणाले.

आईने सगळ्यांना चहा दिला. तोही कुणी आवाज करून प्यायलं नाही.

"शेवटचं दर्शन घेता येईल का?" पोस्टमास्तरांनी विचारलं. अंधार पडल्यावर सगळी मंडळी गच्चीवर आली. मी दुर्बीण लावली. पोस्टमास्तर वाकले आणि ओरडलेच, "अहो, हा काय! कापसाच्या बोळ्यासारखा ढळढळीत!"

वार्ताहराने पाहिलं. "खरंच की! मेला म्हणालात ना?"

मग एकेक जण वाकला. ज्यांनी जन्मात कधी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता त्यांनासुद्धा पहिल्या झटक्यात तो दिसला! शेवटी बाबा वाकले. कितीतरी वेळ ते वाकलेलेच राहिले.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

सगळे गेल्यावर ते पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले. "तुला दिसत होता?"

"हो."

"उजळताना?"

"हो. पण तुम्ही म्हणालात..."

"मी म्हणालो! अरे, मला वाटलं तो विझतोय. क्षणभर डोळ्यांची शंका आली होती. पण दर वेळी तुझा आकडा माझ्याशी जुळायचा, म्हणून ती मी झटकून टाकली. दोन माणसं कशाला लागतात रे? एक चुकला तर दुसऱ्याने सांगायला ना!"

मला रडू आलं. आवरलं नाही, आवरायचा प्रयत्नही केला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, मोतीबिंदू. "ठिपक्यासारखे तारे दिसत राहतात. पुसट वस्तू आधी जाते. दोन महिन्यांपूर्वी का नाही आलात?" बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी डॉक्टरांच्या भिंतीवरची अक्षरं वाचत बसलो.

एका डोळ्याचं ऑपरेशन लगेच झालं. पण धूमकेतू रोज खाली उतरत होता. भिंतीवरच्या नकाशातली टिंबं मावळतीला टेकली होती. डॉक्टरांनी गच्चीवर जायची परवानगी दिली तेव्हा जेमतेम एक-दोन संध्याकाळी उरल्या होत्या.

वर जाताना आई मध्ये उभी राहिली. "या खेपेला एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांनी आकडा माझ्या कानात सांगायचा!"

बाबा नव्या डोळ्याने वाकले. मी मागे उभा होतो. त्यांच्या पाठीवरूनच मला कळलं. खांदे सैल झाले. "आहे," ते हळूच म्हणाले. "आहे रे!" मग ते आईच्या कानाशी गेले. नंतर मी पाहिलं आणि माझा आकडा सांगितला.

"जुळत नाही," आई म्हणाली. "ह्यांचे आठ, तुझे पावणेनऊ."

"छान!" बाबा केवढ्याने हसले! "म्हणजे आज दोघांनी पाहिलं!"

तो इमारतींमागे जाईपर्यंत आम्ही तिघंही वरच होतो. बाबांनी त्याला टोपी काढून निरोप दिला.

सकाळी मी दोन्ही आकडे जसेच्या तसे पाठवले. दुपारी केंद्रातल्या बाईंचा फोन आला. "वडिलांचा आठ अगदी बरोबर! सगळीकडून तोच आलाय. तुमचा पावणेनऊ मात्र... तुमच्याकडे ढग होते का?"

मी ढग नव्हते म्हणून सांगितलं. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी खिशातून डॉक्टरांचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी ते उचललं, वाचायला जरा लांब धरलं, मग आणखी जरा लांब.

हे सगळं मी चष्मा लावून लिहिलं आहे. घराण्यातला पहिला!