शरणप्पाकाकांचा चोर

शरणप्पाकाकांना आपल्या सख्ख्या थोरल्या भावाला काही सांगायचं असलं, की ते म्हशीला सांगतात.

म्हैस त्यांचीच आहे. दोन्ही भावांची दारं एकाच अंगणात उघडतात आणि मधोमध लिंबाच्या झाडाखाली ही म्हैस बांधलेली असते. काका आपल्या ओट्यावर उभे राहतात, घसा साफ करतात आणि म्हशीकडे बघून खणखणीत आवाजात म्हणतात, "आज नळाला पानी सोडनार हायत. ज्यानं त्यानं टाकी भरून घ्यावी." पलीकडच्या दारातून थोरल्या बसप्पांचा आवाज येतो, "तिला सांगा, आमाला म्हाईत हाय." म्हैस दोघांचं ऐकून घेते आणि रवंथ करत राहते. औरादच्या आमच्या गल्लीत इतकं समजूतदार दुसरं कुणी नाही, हे मी जबाबदारीनं म्हणतो. माझं मेडिकलचं दुकान त्या अंगणाच्या बरोबर समोर आहे आणि गल्लीतली सगळी माणसं मला आतून-बाहेरून माहीत आहेत.

या अबोल्याचं कारण विचाराल तर फारच गंभीर आहे. काकांच्या मुलीच्या लग्नात आहेराच्या गडबडीत बसप्पांना फेट्याऐवजी टॉवेल-टोपी मिळाली. फेटा हा मुलीच्या थोरल्या चुलत्याचा मान, आणि टॉवेल-टोपी काय, मलाही मिळाली होती. चूक आहेर वाटणाऱ्याची. पण बसप्पा मांडवातून उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी फेटा घेऊन त्यांच्या दारात जायचं सोडून काका म्हणाले, "मागून घ्यायचा व्हता. तोंड न्हाई का?" झालं. त्या मुलीची मुलं आता शाळेत जातात. काकू मध्यंतरी वारल्या, तेव्हा बसप्पा मयतीला सगळ्यांत पुढे होते आणि सगळं त्यांनीच केलं, पण एक शब्द बोलले नाहीत. दोघंही दिलेल्या शब्दाला जागणारे, विशेषतः न बोललेल्या.

काका जन्मभर जनावरांच्या बाजारात दलाली करत आले. तिथे जनावराचं वय दातांवरून ठरतं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दात बघितलाव का?" मी दुकानात नवा फ्रीज आणला तेव्हा त्यांनी हे विचारलं. माझ्या मेव्हण्याचं लग्न ठरलं तेव्हाही विचारलं, आणि तेही मुलीच्या वडिलांसमोर. त्यांच्या मते माणूस फसतो तो दात न बघितल्यामुळे, आणि शिकलेला माणूस जास्त फसतो. हे म्हणताना ते माझ्याकडे बघतात.

अलीकडे बसप्पांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. त्यांच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात, म्हणून मला हे घरच्यांनी कबूल करायच्या आधी कळलं. आधी नावं गेली, मग वार गेले, मग रस्ते. मुलगा आणि सून शेतावर असतात. भर दुपारी म्हातारा उठतो आणि चालायला लागतो. कुठे चाललात विचारलं तर सांगत नाही. एकदा ते थेट उदगीरच्या बसस्टँडवर सापडले. निरोप आला तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन लागेना. काकांनी जीप ठरवली आणि मला ओढून बरोबर नेलं. स्टँडवर पोचल्यावर स्वतः जीपमध्येच बसून राहिले आणि म्हणाले, "मेडिकल, तू जा. आन त्यास्नी. मी हिकडं एक बैल बघायला आलतो." येताना बसप्पा मागे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले आणि काका पुढच्या सीटवर समोर बघत बसले. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला मात्र त्यांनी सतत सांगितलं, "हळू मार. खड्ड्यात आदळायलाय."

त्यानंतर लगेचच काकांनी गल्लीत जाहीर केलं, की चोऱ्या वाढल्यात, कॅमेरा बसवायला पाहिजे.

आमच्या गल्लीत आठवणीत राहावी अशी शेवटची चोरी एका चपलेची झाली होती, आणि ती चप्पल नंतर कुत्र्याकडे सापडली. पण काकांच्या तोंडून एकदा चोर निघाला की तो चोरच. कॅमेरा कुणासाठी आहे हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं. ते फक्त एका माणसाला मान्य नव्हतं, आणि दुर्दैवानं कॅमेरा त्याच माणसाला घ्यायचा होता.

काका आधी औरादच्या दुकानात गेले, मग उदगीरला जाऊन आले. दोन्हीकडे माल पसंत पडला नाही. शेवटी एका रविवारी त्यांनी मला बिदरला नेलं. मी शिकलेला, म्हणजे फसल्यावर दोष द्यायला सोयीचा.

बिदरच्या दुकानातला तरुण विक्रेता फार उत्साही होता. त्यानं चार कॅमेऱ्यांचा सेट काढला, बरोबर रेकॉर्डिंगचा डबा, आणि चारी दिशा कशा दिसतील ते भिंतीवरच्या टीव्हीत दाखवलं.

"चार दिशा कशाला?" काका म्हणाले. "आमचा चोर एकाच दारातनं निघतोय."

"निघतोय म्हणजे? आत येतो तेव्हा पकडायचा ना?"

"आत येत न्हाई. आतच असतोय. भाईर पडला की फोन वाजला पाहिजे."

विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. मी एका पंख्याची किंमत वाचायला लागलो.

मग काकांनी परीक्षा सुरू केली. माणूस पाठमोरा असला तर ओळखू येतो का? रात्रीचं चांगलं दिसतं, असं विक्रेता अभिमानानं सांगायला लागला, तर काकांनी हात झटकला. "रात्री झोपतोय त्यो. दुपारचं बोला." दुपारच्या उन्हात चेहरा काळा दिसतो का? म्हशीनं शेपूट हलवली तर उगाच वाजायला लागेल का? दुपारी आमच्याकडे लाइट जाते, मग कॅमेरा काय करतो, तोही जेवून झोपतो का? विक्रेता आता काळजीत पडला होता. त्यानं सोलरवर चालणारा आणि सिम कार्ड टाकायचा एक कॅमेरा काढला. लाइट नको, वायर नको. वर त्याला स्पीकर होता. फोनमध्ये बोललं की कॅमेऱ्यातून आवाज बाहेर येतो, आणि तिकडचं बोलणं फोनमध्ये ऐकू येतं. चोर घाबरून पळून जातो, असं तो म्हणाला.

"पळू द्यायचा न्हाई," काका घाईनं म्हणाले. "म्हातारा हाय. पडंल." मग जरा थांबून, "डोक्यावर टॉवेल घे, असं सांगता येतंय का त्याच्यातनं?"

"काय पण सांगता येतंय, चाचा."

काकांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, काचेवर फुंकर मारली आणि काचेत बराच वेळ बघितलं. दात बघून झाले असावेत. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, विक्रेत्याच्या उजव्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याचा पंजा घट्ट पकडला. जनावरांच्या बाजारात भाव असाच होतो. बोलायचं नाही, टॉवेलाखाली बोटं दाबायची, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. काकांनी दोन बोटं दाबली आणि अर्थपूर्ण नजरेनं बघितलं. त्या पोरानं आयुष्यात बैल विकलेला नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला. "चाचा, हाथ छोडो ना," तो म्हणाला, आणि आतून म्हातारे मालक धावत आले. मालकांचे वडील म्हशींचे व्यापारी निघाले. मालकांनी हसत स्वतःचा हात टॉवेलाखाली दिला, आणि दोघं म्हातारे बराच वेळ एकमेकांची बोटं दाबत उभे राहिले. भाव कितीला ठरला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

कॅमेरा बसला तो काकांच्या छपराखाली, तोंड थेट बसप्पांच्या दाराकडे. बसप्पांची सून महादेवी शेतावरून आली आणि कमरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली. "आमच्या दारावर कामून रोखलाव ह्यो? तुमचं दार तुमच्याकडं हाय. मी पोलिसात जाईन, मामा."

काका म्हशीकडे वळले. "चोराला कोनचं दार कुनाचं ते कळत न्हाई, म्हनावं."

महादेवी बरंच बोलली. कन्नडमध्ये बोलली, मराठीत बोलली, शेवटी चुलत सासऱ्यासमोर बोलू नये तेही बोलली. मला वाटलं आता कॅमेरा उतरतो आणि बसप्पा पुन्हा उदगीरला जातात. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी महादेवीनं सोडून मागच्या बाजूला बांधली होती. कॅमेऱ्याला साड्या आड येत होत्या ना. अर्थात, भांडण तिनं पुढेही नेमानं चालू ठेवलं.

सुरुवातीला फोन म्हशीसाठी वाजला, कोंबड्यांसाठी वाजला, माझ्यासाठी तर फारच वाजला. मग एका दुपारी बसप्पा बाहेर पडले. मी दुकानातून बघत होतो. ते फाटकाकडे निघाले आणि छपराखालून काकांचा आवाज आला, जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. "घरी चला. ऊन हाय."

बसप्पा थांबले. वर बघितलं. "बरं," म्हणाले आणि आत गेले.

मी संध्याकाळी काकांना विचारलं, की अबोला सुटला वाटतं. काका भडकले. "मी कुठं बोललो? यंत्र बोललं." हा मुद्दा त्यांनी इतका पक्का धरला, की वकिलालाही हरवलं असतं. म्हशीची नोकरी गेली. आता रोज दुपारी आमच्या गल्लीत एक म्हातारा उन्हात उभा राहून छपराशी गप्पा मारायचा, आणि भिंतीपलीकडे दुसरा म्हातारा पलंगावर बसून फोनच्या कानात बोलायचा. गोळी खाल्ली का, तूर कशी आहे, गुडघा दुखतो का. बसप्पा छपराला सगळं सांगायचे. सख्खा भाऊ दहा पावलांवर आहे आणि बोलायला परदेशी यंत्र लागतं, एवढी प्रगती आमच्या तालुक्यात दुसऱ्या कुणी केली नसेल.

परवा फोन काहीतरी अपडेट मागत होता, म्हणून काकांनी मला दुपारी घरात बोलावलं. मी तो हातात घेतला आणि तेवढ्यात वाजला. पडद्यावर बसप्पा होते. पायात दोन वेगळ्या चपला, डोक्यावर काही नाही. काकांनी फोन माझ्याकडून काढून घेतला आणि बटण दाबलं. "घरी चला. ऊन हाय."

बसप्पांनी वर बघितलं. या वेळी ते "बरं" म्हणाले नाहीत.

"येतो की. आदी जाऊन येतो."

"कुठं जायलाव?" काकांनी विचारलं. एवढ्या दिवसांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"आमचा धाकटा आला न्हाई अजून शाळंतनं. शरण्या. येवढं ऊन पडलंय, पोराच्या पायात काय न्हाई." बसप्पा फाटकाकडे बघत होते. "रोज जातो बघायला. रोज मला कोन तरी मागारी आनतंय. त्याला कोन आनायचं?"

काकांनी फोन तोंडाशी धरलेला होता. बटण दाबलेलंच होतं. बाहेर छपरातून नुसता श्वासाचा आवाज येत असणार. मग त्यांनी फोन पलंगावर ठेवला आणि तसेच अनवाणी बाहेर गेले.

मी फोनमध्ये बघत राहिलो. दोन म्हातारे समोरासमोर उभे होते. बसप्पांनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पण ओळखलं नाही.

"पावनं, आमच्या शरण्याला बघितलाव का कुठं?"

"बघितलं की," काका म्हणाले. "आलाय त्यो. घरी हाय."

"जेवला का?"

"न्हाई. तुमच्यासाठी थांबलाय, अण्णा."

बसप्पांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कधी बघितला नव्हता. "येडं हाय ते," ते म्हणाले, "म्या आल्याबिगर खात न्हाई." आणि त्यांनी स्वतःच हात पुढे केला. काकांनी तो धरला आणि त्यांना आपल्या दारातून आत आणलं. मी उठून ताटं काढली, कारण काकांना डोळ्यांतल्या पाण्यामुळे फळीवरचं काही दिसत नव्हतं.